समकालीन मॉर्मन साहित्य आणि कला : कुठून शिरायचं, काय वाचायचं, काय बघायचं

पाणवठा
मॉर्मन, म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत जन्मलेला एक ख्रिस्ती पंथ, म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात : बहुपत्नीत्व आणि ब्रॉडवेवरचं 'द बुक ऑफ मॉर्मन' हे गाजलेलं संगीत नाटक. पहिली प्रथा मुख्य चर्चने १८९० मध्ये अधिकृतपणे सोडली. दुसरं आलं २०११ मध्ये, आणि ते लिहिणारे तिघंही मॉर्मन नाहीत. या समाजातली माणसं स्वतःबद्दल काय लिहितात, काय रंगवतात, रंगमंचावर काय आणतात, यावर मराठीत फारसं सापडत नाही, म्हणून हा धागा.

काळ मुख्यतः १९६६ नंतरचा धरू. त्या वर्षी स्टॅनफर्डमध्ये यूजीन इंग्लंड आणि सोबत्यांनी 'डायलॉग' हे नियतकालिक सुरू केलं. चालवणारे श्रद्धावान, पण मालकी चर्चची नाही. अशी जागा मिळाल्यावर लेखन बदललं. १९७४ मध्ये बॉस्टन परिसरातल्या बायकांनी 'एक्सपोनंट टू' काढलं, आणि १९७६ मध्ये असोसिएशन फॉर मॉर्मन लेटर्स ही साहित्यसंस्था उभी राहिली.

वाचायला बसण्यापूर्वी चार गोष्टी माहीत हव्यात, नाहीतर अर्धी गोष्ट डोक्यावरून जाते.

या चर्चमध्ये स्थानिक पातळीवर पगारी धर्मगुरू नसतो. काहीशे माणसांच्या मंडळीला वॉर्ड म्हणतात आणि तिचा बिशप म्हणजे कुणी दंतवैद्य, कुणी प्लंबर, कुणी शाळामास्तर. साधारण पाच वर्षं तो हे काम फुकट करतो आणि मग दुसऱ्याकडे जातं. कथेत एखादी बाई बिशपसमोर पापाची कबुली देत असते तेव्हा तो तिचा शेजारीही असतो आणि उद्या त्याच्याच दुकानात तिला जायचं असतं.

मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, मुलगे दोन वर्षं आणि मुली अठरा महिने जातात. कायम जोडीने राहायचं, जोडीदार स्वतः निवडायचा नाही. मुलगे एकमेकांना 'एल्डर' आणि आडनावाने हाक मारतात. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. म्हणून मिशनकथा ही जवळजवळ नेहमी दोन पात्रांची, एका खोलीत अडकलेली कथा असते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी उपवास असतो आणि त्या दिवशीच्या सभेत ठरलेला वक्ता नसतो. ज्याला वाटेल त्याने उठून आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायची.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. मंदिरात झालेलं लग्न मृत्यूनंतरही टिकतं आणि कुटुंब अनंतकाळ एकत्र राहतं, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे घटस्फोट, मुलाने धर्म सोडणं, मुलगी अविवाहित राहणं, मुलगा समलिंगी असणं हे नुसते घरगुती प्रश्न उरत नाहीत. एक माणूस निघून गेला की परलोकातल्या घराची भिंत पडते. या लेखनातला बहुतेक ताण इथून येतो.

शोध घेताना एक लक्षात ठेवा. ऑक्टोबर २०१८ मध्ये चर्चच्या अध्यक्षांनी 'मॉर्मन' हे नाव वापरू नका असं सांगितलं. चर्चच्या प्रसिद्ध गायकवृंदाचं नावसुद्धा बदललं. जुनं साहित्य 'मॉर्मन' या शब्दाखाली सापडतं, नवं बरंचसं 'लॅटर-डे सेंट' या चर्चच्या अधिकृत नावातल्या शब्दांखाली. दोन्ही टाकून शोधा.

तिरफळ
उत्तम धागा. वाचनाचा क्रम सुचवते.

कादंबरीपासून सुरुवात नको. आधी 'डायलॉग'च्या जुन्या अंकांचा संग्रह उघडा. १९६६ पासूनचे अंक जालावर फुकट आहेत. प्रत्येक अंकात लेखांबरोबर कथा, कविता आणि ललित निबंध असतात. त्यानंतर कथासंग्रह : यूजीन इंग्लंड यांनी संपादित केलेला 'ब्राइट एंजल्स अँड फॅमिलिअर्स' (१९९२) आणि अँजेला हॉलस्ट्रॉम यांनी संपादित केलेला 'डिस्पेन्सेशन' (२०१०). हे दोन लागोपाठ वाचले की मधला बदल कळतो. कवितेसाठी टायलर चॅडविक यांचं 'फायर इन द पास्चर' (२०११). त्यात ऐंशीच्या आसपास कवी आहेत, ते सलग वाचू नका, चाळा.

मग कादंबऱ्या. पहिली लेव्ही पीटरसन यांची 'द बॅकस्लायडर' (१९८६). मॉर्मनांची मोठी वस्ती असलेल्या यूटा राज्याचा दक्षिण भाग, १९५०चं दशक, फ्रँक नावाचा गुराखी. देव रायफलच्या दुर्बिणीतून आपल्यावरच नेम धरून बसलाय, अशी त्याची खात्री. शेवटाकडे ख्रिस्त त्याला घोड्यावर बसलेल्या काऊबॉयच्या रूपात दिसतो, आणि तोही मुतारीत. वर्णनावरून ही थट्टा वाटेल, पण प्रसंग अत्यंत गंभीर आहे. अपराधभावाने पिचलेल्या माणसाला कृपा म्हणजे काय ते कळतं, आणि ते त्याच्या ओळखीच्या वेषात आलं म्हणूनच कळतं. ही कादंबरी वाचताना एक चूक सर्रास होते : पहिली पन्नास पानं वाचून ती धर्मविरोधी ठरवली जाते. ती तशी नाही. शेवटपर्यंत जा.

दुसरी, हॉलस्ट्रॉम यांचीच 'बाउंड ऑन अर्थ' (२००८). एकाच कुटुंबाच्या गुंफलेल्या कथा. इथे आरडाओरडा नाही, कुणी धर्म फाडून बाहेर पडत नाही. विश्वास ठेवूनही माणसं दमतात, ते दमणं आहे.

तिसरी स्टीव्हन पेक यांची छोटी कादंबरी 'अ शॉर्ट स्टे इन हेल'. एक सज्जन मॉर्मन मरतो आणि त्याला कळतं की खरा धर्म झरतुष्ट्राचा होता. आपल्याकडच्या वाचकाला पारशी धर्म परका नाही, त्यामुळे ही कलाटणी वेगळीच भिडते. त्याची रवानगी एका ग्रंथालयात होते. तिथे शक्य असलेलं प्रत्येक पुस्तक आहे : ४१० पानं, पानाला ४० ओळी, ओळीला ८० अक्षरं. म्हणजे एका पुस्तकात १३ लाख १२ हजार अक्षरं, प्रत्येक जागी ९५ चिन्हांपैकी कुठलंही. स्वतःच्या आयुष्याची बिनचूक कथा असलेलं पुस्तक शोधलं की सुटका. नरक अनंत नाही, मोजता येतो, आणि म्हणूनच भयंकर आहे. पेक स्वतः जीवशास्त्रज्ञ आहेत. ती मोजणी गोष्टीच्या हाडात शिरलेली आहे.

मेथीदाणा
पण जगभर खपणारे मॉर्मन लेखक तर वेगळेच आहेत ना? ऑर्सन स्कॉट कार्ड, स्टेफनी मायर, ब्रँडन सँडरसन. ते या यादीत का नाहीत?

पाणवठा
@मेथीदाणा, ते आहेतच, फक्त त्यांची वाट वेगळी आहे. मॉर्मन लेखकापुढे प्रकाशनाचे तीन दरवाजे असतात आणि कुठल्या दारातून जायचं त्यावर पुस्तकाचा पोत ठरतो.

पहिला डेझरेट बुक. चर्चच्या मालकीचं, स्वतःच्या दुकानांची साखळी असलेलं. वाचक सगळे आतले, त्यामुळे 'वॉर्ड' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही आणि गद्य मोकळं चालतं. पण शिवी, शरीरसंबंध, वाईट वागणारा बिशप यांना जागा जवळजवळ नाही. २००२ मध्ये तर एका लोकप्रिय लेखकाची विवाहबाह्य ओढीची कादंबरी दुकानांत ठेवायचीच नाही असं त्यांनी ठरवलं होतं. नुकसान कुठे होतं? खलनायक नेहमी बाहेरून आणावा लागतो, आणि आतला प्रश्न आतल्या माणसामुळे निर्माण झालेला दाखवता येत नाही.

दुसरा दरवाजा स्वतंत्र छोट्या प्रकाशकांचा : यूटाची राजधानी सॉल्ट लेक सिटी (पुढे नुसतं सॉल्ट लेक) इथलं सिग्नेचर बुक्स, नंतरचं झाराहेम्ला बुक्स, अलीकडचं बीसीसी प्रेस. इथे जवळपास सगळं लिहिता येतं, पण खप लहान. डेझरेटच्या दुकानात जाणारा वाचक इथवर पोचत नाही.

तिसरा न्यूयॉर्क. इथे वाचक बाहेरचा, त्यामुळे दर दोन पानांनी खुलासा करावा लागतो. खुलासा जास्त झाला की समाज प्रदर्शनात मांडल्यासारखा दिसतो. यातून सुटायचे दोन मार्ग लेखकांनी काढले. एक, ब्रेडी उडाल यांच्या 'द लोनली पॉलिगमिस्ट' (२०१०) सारखा : मुख्य चर्चपासून फुटलेल्या, आजही बहुपत्नीत्व पाळणाऱ्या कुटुंबाबद्दल लिहायचं. दोन, विज्ञानकथा आणि अद्भुतिका. मॉर्मन शब्द एकही न वापरता मॉर्मन विचार आत ठेवायचा.

हा दुसरा मार्ग का फळला? या धर्माचं विश्व मुळातच त्या प्रकाराला जवळचं आहे. असंख्य जगं आहेत, आत्मा जन्माआधीपासून आहे, आत्मा हेही एक सूक्ष्म द्रव्यच आहे, आणि माणूस वाढत वाढत देवत्वाकडे जातो. शिवाय किशोरांच्या अद्भुतिकेत शिव्या आणि शृंगार नसले तरी कुणी अडत नाही. चर्चच्या मालकीच्या ब्रिगम यंग विद्यापीठात १९८०च्या दशकापासून विज्ञानकथेचं मासिक आणि परिसंवाद चालत आले आहेत. म्हणजे शिकायला जागाही होती. सँडरसन तिथेच शिकले, तिथेच शिकवतात, आणि त्यांची लेखनवर्गाची व्याख्यानं यूट्यूबवर फुकट आहेत. त्यांनी मार्च २०२२ मध्ये चार कादंबऱ्यांसाठी वाचकांकडून थेट ४ कोटी १७ लाख डॉलर उभे केले. हा चौथा दरवाजाच म्हणायचा, पण तो फार थोड्यांना उघडतो.

कार्ड वाचताना 'एंडर्स गेम'वर थांबू नका. 'सेव्हन्थ सन' (१९८७) घ्या. त्यातल्या अल्विनचा पाय जात्याच्या दगडाखाली चिरडतो आणि हाडावर शस्त्रक्रिया करावी लागते. धर्मसंस्थापक जोसेफ स्मिथच्या बालपणी पायाच्या हाडावर झालेली शस्त्रक्रिया प्रत्येक मॉर्मन मुलाला माहीत असते. बाहेरचा वाचक हा प्रसंग थरार म्हणून वाचतो, आतला वाचक चरित्र म्हणून. एकाच परिच्छेदाचे असे दोन वाचक सांभाळणं हे खरं कसब.

सोनचाफी
ललित निबंधाकडे दुर्लक्ष होऊ नये. इंग्लंड यांचं ठाम मत होतं की कथा-कादंबरीपेक्षा व्यक्तिगत निबंध हा मॉर्मन लेखकांना अधिक साजेसा प्रकार आहे. ते पटतं. रोजनिशी लिहिण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि साक्ष देण्याची पद्धत वर आलीच आहे. 'स्वतःला काय कळलं ते चारचौघांत सांगणं' हा या समाजाचा रोजचा रियाज आहे.

पण तिथेच खड्डाही आहे. साक्षीचा साचा ठरलेला असतो : अडचण, प्रार्थना, उत्तर, 'हे सत्य आहे हे मला माहीत आहे'. निबंध त्या साच्यात घसरला की शेवट आधीच दिसतो. चांगला निबंध उत्तरापाशी न पोचता प्रार्थनेपाशीच थांबण्याची तयारी ठेवतो. टेरी टेम्पेस्ट विल्यम्स यांचं 'रेफ्यूज' (१९९१) घ्या. ग्रेट सॉल्ट लेकचं पाणी चढतंय, पक्ष्यांचं अभयारण्य बुडतंय आणि आईला कर्करोग झालाय. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर एका पक्ष्याचं नाव आणि तळ्याची त्या वेळची पातळी फुटांत दिलेली आहे. तो आकडा निबंधाला भाबडं होऊ देत नाही. शेवटच्या भागात नेवाडातल्या अणुचाचण्या आणि घराण्यातल्या बायकांचे कर्करोग समोरासमोर येतात, आणि आज्ञाधारकपणा हा सद्गुण तपासावा लागतो.

कवितेत गेल्या काही वर्षांतला सर्वांत जिवंत विषय म्हणजे स्वर्गीय माता, देवपित्याच्या जोडीची देवमाता. तिच्यावर श्रद्धा आहे पण तिच्याबद्दल बोललं फार कमी जातं. एलायझा स्नो यांच्या १८४५च्या कवितेत ती येते, ती कविता आजही भजन म्हणून गातात. 'डव्ह साँग' (२०१८) या संकलनात तिथपासून आजपर्यंतच्या कविता एकत्र आहेत. रेचल हंट स्टीनब्लिक यांच्या 'मदर्स मिल्क'मधल्या कविता अगदी लहान, काही तर तीन-चार ओळींच्या. आपल्याकडे ओवी वाचणाऱ्याला त्या लगेच आपल्याशा वाटतील.

खडूफळा
चित्रकलेबद्दल लिहितो. थोडं मागे जावं लागेल, नाहीतर आजचा वाद समजत नाही.

डेन्मार्कहून आलेले सी. सी. ए. क्रिस्टेन्सन यांनी १८७८च्या सुमारास मॉर्मन इतिहासाचे २३ प्रसंग कापडावर टेम्पेरात रंगवले. प्रत्येक नऊ-साडेनऊ फूट रुंद. ते एकमेकांना शिवून दांड्यावर गुंडाळले आणि गावोगाव नेऊन, दिव्याच्या उजेडात एकेक उलगडत व्याख्यान दिलं. पिंगुळीच्या चित्रकथीसारखंच, फक्त पोथीऐवजी एक प्रचंड गुंडाळी. म्हणूनच त्या चित्रांत आकृत्या ठसठशीत आणि हावभाव मोठे आहेत : मागच्या बाकावरून दिसायला हवेत. पुस्तकात छोट्या आकारात बघितलं की ती बाळबोध वाटतात. आज २२ उरली आहेत, प्रोव्होतल्या ब्रिगम यंग विद्यापीठाच्या कलासंग्रहालयाकडे.

१८९० मध्ये चर्चने काही चित्रकारांना चक्क मिशनवर पॅरिसला पाठवलं. जॉन हाफेन, लोरस प्रॅट, जे. बी. फेअरबँक्स, एडविन इव्हान्स. अकादमी ज्युलियाँमध्ये शिकून यायचं आणि सॉल्ट लेक मंदिराच्या भिंती रंगवायच्या. मंदिर १८९३ मध्ये खुलं झालं. भिंती का रंगवायच्या, तर मंदिरातला मुख्य विधी त्या काळी चालत चालत व्हायचा : सृष्टीची खोली, मग बाग, मग जग, आणि पुढे. खोलीच नेपथ्य होती.

१९५५ मध्ये स्वित्झर्लंडच्या मंदिरात तोच विधी एका खोलीत, चित्रपट दाखवून होऊ लागला. त्याने अनेक भाषांची सोय झाली आणि जागा कमी लागली. पण भित्तिचित्रांचं काम संपलं. जुन्या पद्धतीने चालणारी शेवटची दोन मंदिरं म्हणजे सॉल्ट लेक आणि मँटाय. मार्च २०२१ मध्ये तिथेही बदल जाहीर झाला. सॉल्ट लेकची भित्तिचित्रं छायाचित्रं घेऊन काढली गेली, काही भाग जतन केले.

मँटायच्या जगाच्या खोलीत मिनर्व्हा टायकर्ट (१८८८–१९७६) यांचं १९४७चं काम आहे, जवळजवळ चार हजार चौरस फूट, एका मदतनिसासह महिन्याभराच्या आत रंगवलेलं. ते भिंतीपासून सोडवून दुसरीकडे लावायचं ठरलं होतं. भिंतीवर चिकटलेलं चित्र गिलाव्यासकट सुटं करताना तडे जाणं, रंगाचे पापुद्रे उडणं आणि जोड जुळवताना कडा मरणं हे धोके असतातच. शिवाय खोलीच्या कोपऱ्यांतून वळत जाणारी रचना सपाट भिंतीवर टांगली की तिचा अर्थच उरत नाही. कलाप्रेमींनी आणि इतिहासकारांनी जोर लावला आणि मे महिन्यात निर्णय फिरला : चित्रं जागेवरच राहतील, आणि जवळच्या इफ्रेममध्ये नवं मंदिर बांधलं जाईल. या चर्चमध्ये जाहीर झालेला निर्णय असा बदलणं दुर्मीळ.

टायकर्ट यांची कामाची पद्धत जाणून घेण्यासारखी आहे. न्यूयॉर्कला रॉबर्ट हेन्री यांच्याकडे शिकल्या, मग वायोमिंगमधल्या कोकव्हिल गावी गुरांच्या रँचवर संसार. मोठं चित्र रंगवायला स्टुडिओ नाही, घराची अरुंद बैठकीची खोली. कॅनव्हास भिंतीला ठोकायचा, मावत नसेल तर दुमडून भागाभागाने रंगवायचा. मागे सरकून बघायला अंतर नाही, म्हणून दुर्बीण उलटी धरून त्यातून चित्र बघायचं, म्हणजे ते लांब गेल्यासारखं दिसतं. तेलरंग पातळ करून वॉशसारखे लावलेले, आणि बहुतेक चित्रांत कुठेतरी लाल रंगाचा एक ठिपका नजर खेचून घेतो. 'बुक ऑफ मॉर्मन' या धर्मग्रंथावरची त्यांची चाळीसहून अधिक मोठी चित्रं त्यांच्या उमेदीच्या काळात कुणी घेतली नाहीत. त्यांनी ती १९६९ मध्ये विद्यापीठाला देऊन टाकली. त्याच वेळी आर्नल्ड फ्रिबर्ग यांची त्याच ग्रंथावरची पिळदार दंडांची बारा चित्रं घराघरांत पोचली होती. बायका चित्राच्या मध्यभागी असणारी टायकर्ट यांची चित्रं वाट बघत राहिली, हे मला आजही सलतं.

आजच्या चित्रकारांत ब्रायन कर्शिस्निक यांचं 'नेटिव्हिटी' अवश्य बघा : गोठ्यावर देवदूतांचा अक्षरशः लोंढा लोटलाय, आणि खाली जोसेफने चेहरा हाताने झाकलाय. अर्जेंटिनाचे होर्खे कोक्को ख्रिस्ताच्या प्रसंगांना घनवादी कापणी देतात. जे. कर्क रिचर्ड्सही चुकवू नका.

मेथीदाणा
प्रत्यक्ष बघायचं असेल तर?

खडूफळा
अमेरिकेतल्या मंडळींसाठी : प्रोव्होचं विद्यापीठ संग्रहालय, तिथून जवळच स्प्रिंगव्हिलचं कलासंग्रहालय, आणि सॉल्ट लेकमध्ये चर्चचं इतिहास संग्रहालय. स्प्रिंगव्हिलला यूटातल्या धार्मिक कलेचं वार्षिक प्रदर्शन भरतं. इतिहास संग्रहालय १९८७ पासून आंतरराष्ट्रीय कलास्पर्धा घेतं. तिथे घाना, फिलिपीन्स, पेरूची कामं शेजारी शेजारी दिसतात : रजया, लाकूडकाम, बातिक. एरवी यूटाबाहेरचा मॉर्मन कलाकार दिसतच नाही, ती उणीव इथे थोडी भरून निघते.

समर्पित मंदिरात बाहेरच्यांना प्रवेश नसतो. समर्पणाआधी मात्र काही आठवडे सगळ्यांना खुलं असतं. सॉल्ट लेक मंदिरासाठी एप्रिल ते ऑक्टोबर २०२७ असा मोठा काळ जाहीर झाला आहे.

विंगेतून
नाटकाबद्दल थोडक्यात, पण आपल्या एकांकिकावाल्यांच्या कामाचं. १९७०च्या दशकात 'सॅटर्डेज वॉरियर' हे संगीत नाटक तुफान चाललं. जन्माआधी आत्म्यांनी एकमेकांना दिलेली वचनं, हा विषय. गाणी गोड, नाट्य ढोबळ. आजचं खरं काम सॉल्ट लेकच्या प्लॅन-बी थिएटरमध्ये झालंय. कॅरल लिन पीअर्सन यांचं 'फेसिंग ईस्ट' (२००६) : समलिंगी मुलाने आत्महत्या केली आहे, आईवडील त्याच्या थडग्यापाशी थांबलेत, आणि त्याचा जोडीदार येतो. तीन पात्रं, एकच स्थळ, सलग काळ. मेलिसा लिलानी लार्सन यांचं 'पायलट प्रोग्रॅम' (२०१५) : चर्चने बहुपत्नीत्व प्रायोगिक तत्त्वावर पुन्हा सुरू केलं तर? एका सुशिक्षित जोडप्याला विचारणा होते आणि ते हो म्हणतात. इथेही तीनच पात्रं. लार्सन कुणालाही मूर्ख ठरवत नाहीत, त्यामुळे प्रेक्षकाला सुटकेची जागा राहत नाही. प्रयोग करायचा तर नाटककाराकडून प्रयोगहक्क आणि अनुवादहक्क वेगवेगळे घ्यावे लागतात. एक मिळाला म्हणजे दुसरा मिळाला असं होत नाही.

सिनेमात रिचर्ड डचर यांचा 'गॉड्स आर्मी' (२०००) अंदाजे तीन लाख डॉलरमध्ये झाला आणि पंचवीस लाखांहून अधिक कमावले. लगेच आतल्या विनोदांवर बेतलेल्या विनोदी चित्रपटांची रांग लागली. यूटाबाहेर ते कुणाला कळेनात, यूटातला प्रेक्षक तेच तेच बघून कंटाळला, आणि पाच-सहा वर्षांत लाट ओसरली. डचर यांचा 'स्टेट्स ऑफ ग्रेस' (२००५) त्या गर्दीत दबला. तो सगळ्यांत चांगला आहे.

तिरफळ
थोडं अवांतर, पण आपल्या मातीतलं. ह्यू फिंडले हा मॉर्मन मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत आला आणि नंतर पुण्यात काम केलं. छावणीत प्रचाराला लष्करी अधिकाऱ्यांनी आडकाठी केली. मुंबईत त्याने पत्रकं छापली, त्यातलं एक थेट 'हिंदुस्थानातल्या मराठ्यांना' उद्देशून आहे. म्हणजे मॉर्मन छापील मजकुराचा मुंबईशी संबंध पावणेदोनशे वर्षांचा होत आला.

आणि समकालीन धागा हवा असेल तर जेम्स गोल्डबर्ग. ज्यू, शीख आणि मॉर्मन असा तिहेरी वारसा असलेला लेखक. त्याची 'द फाइव्ह बुक्स ऑफ जीझस' (२०१२) सुवार्तेच्या गोष्टी पुन्हा सांगते. वाक्यं आखूड, मौखिक कथेच्या चालीची.

सोनचाफी
गोल्डबर्गचं नाव निघालं म्हणून : 'मॉर्मन लिट ब्लिट्झ' ही स्पर्धा त्याने आणि मित्रमंडळींनी २०१२ मध्ये सुरू केली. अट एकच महत्त्वाची, हजार शब्दांच्या आत. कथा, कविता, निबंध, नाट्यप्रवेश काहीही. अंतिम फेरीतल्या रचना रोज एक अशा जालावर येतात आणि वाचक पसंतीक्रमाने मत देतात. इंग्रजीखेरीज इतर भाषांसाठीही त्यांनी वेगळी स्पर्धा घेतली आहे. जुन्या सगळ्या रचना फुकट वाचता येतात.

वाचताना बघा, पडलेल्या रचना बहुधा दोन कारणांनी पडतात. पहिल्या दोनशे शब्दांत श्रद्धेची ओळख करून देण्यात जागा संपते, किंवा शेवटच्या ओळीत कुणीतरी रडून पश्चात्ताप करतं. जमलेल्या रचना एका छोट्या विधीला धरून असतात : आजाऱ्याच्या डोक्यावर तेलाचा थेंब लावणं, संस्काराच्या पावाचा तुकडा पोराच्या हातून खाली पडणं, घरभेटीला गेल्यावर दार न उघडणं. ज्याला वर्गणी भरून पुस्तकं मागवायची नाहीत त्याने इथूनच सुरुवात करावी.

मेथीदाणा
भरपूर मिळालं. आधी लिट ब्लिट्झ, मग 'ब्राइट एंजल्स', मग 'बॅकस्लायडर' असा क्रम धरतो. यातली एखादी छोटी रचना मराठीत आणायची तर परवानगी कुणाकडे मागायची?

पाणवठा
आधी लेखकाकडे. हजार शब्दांच्या रचनेचे हक्क बहुधा लेखकाकडेच राहतात. नियतकालिकात आलेली असेल तर संपादकांनाही त्याच पत्रात प्रत द्या. पत्रात तीन गोष्टी लिहा : कुठे छापणार, पैसे आकारणार की नाही, आणि मूळ प्रकाशनाचा उल्लेख कसा करणार. लेखी होकार आल्याशिवाय इथे काही टाकू नका. होकार आला की नवा धागा काढा, या धाग्यात प्रतिसाद म्हणून टाकलं तर कुणाला सापडणार नाही.